मुलाखतीपुरती आई

"आय अ‍ॅम. यू आर. ही इज. शी इज." स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून भिंगरी पाय हलवत घोकत होती. तिची आई मागे उभी राहून तिच्या केसांतला गुंता सोडवत होती आणि तेच शब्द तिच्यामागून ओठांतल्या ओठांत म्हणत होती. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. मोठ्याने म्हटले की बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचे हसू ऐकू येई.

भिंगरी पाच वर्षांची. नाव दुसरेच काही होते, पण पोर एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळे भिंगरीच म्हणत. तिची आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. शर्टाला कॉलर बसवण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. तिथल्या बायका तिला कॉलरताई म्हणत, आणि आपणही तेच म्हणू, कारण घरात "अगं" आणि "ऐकलंस का" याखेरीज तिला नाव उरले नव्हते. कारखाना ज्या मोठ्या इंग्रजी शाळेचे युनिफॉर्म शिवत असे, ती शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती. पांढरा शर्ट, निळी कॉलर आणि कॉलरीच्या कडेने बारीक पिवळी पट्टी. त्या शाळेतल्या हजारभर मुलांच्या गळ्याशी कॉलरताईचा टाका होता. आपल्या मुलीच्याही गळ्याशी तो असावा, एवढीच तिची इच्छा होती. त्यात वावगे काही नव्हते.

पण शाळेची एक अट होती. प्रवेश मुलाचा आणि मुलाखत आईबापांची, तीही इंग्रजीत. घरात इंग्रजी बोलणारी आई नसेल तर मूल मागे पडते, असे शाळेचे म्हणणे. जिने मुलाला पहिला शब्द बोलायला शिकवला, ती बाई शाळेच्या दारात मुकी ठरत होती, आणि याला कुणी अन्याय म्हणत नव्हते. याला दर्जा म्हणत होते.

लोकांनी यावर तोडगा काढला होता. आईला इंग्रजी येत नसेल तर मुलाखतीला दुसरी बाई न्यायची. मावशी, काकू, वरच्या मजल्यावरची शेजारीण, कुणीही. शेजारून वाटीभर साखर आणावी तितक्या सहज आई आणली जाई. तिला सगळे "मुलाखतीपुरती आई" म्हणत. "यंदा आमची काकू आई झाली होती हं," असे लोक हसत हसत सांगत, आणि ऐकणारेही हसत. खऱ्या आईला काय वाटले, हे कुणी विचारत नसे. कधी चुकून विचारलेच तर ती म्हणे, "मुलाच्या भल्यासाठी." बाईला घरातून पुसून टाकायचे असले की आपण नेहमी मुलाचे भले पुढे करतो.

कॉलरताईला मात्र स्वतःच जायचे होते. नवऱ्याची धाकटी बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, त्याच घरात राहत होती. तिचे लग्न व्हायचे होते. इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या एका क्लासमध्ये ती शिकवायला जाई. दुकानांत, हॉटेलांत काम करणारी मोठाली माणसे तिच्यासमोर बाकावर बसून "आय अ‍ॅम, यू आर" म्हणत.

"वन्सं, मलाही शिकवा ना," कॉलरताई तिला म्हणाली. "महिना आहे अजून मुलाखतीला."

"अगं वहिनी, तीनच तर शब्द आहेत. अ‍ॅम, इज, आर. माझ्या क्लासमधला वॉचमन आठवड्यात शिकला. तुला काय अवघड आहे?"

आत्याने एका कागदावर ते लिहून दिले, देवनागरीत. कॉलरताईने तो कागद मशीनच्या दिव्याखाली चिकटवला. कॉलरीचे एक टोक उलटवताना आय अ‍ॅम, दुसरे उलटवताना शी इज. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "काय गं, मशीनला मंत्र देतेस का?" कॉलरताई हसली, पण थांबली नाही. दहा दिवसांत तिला सगळे पाठ झाले. आणखी पाच दिवसांत त्यातून तिने स्वतःचे एक वाक्य जुळवले आणि आत्याकडून तपासून घेतले. आय अ‍ॅम हर मदर.

सुट्टीच्या दिवशी दुपारी घरात मुलाखतीची तालीम झाली. नवरा खुर्चीवर मुख्याध्यापक होऊन बसला. तो मालाच्या गोदामात स्टोअरकीपर होता. त्यालाही पाठ केलेली सहा वाक्ये येत होती, पण बापाला फारसे विचारत नाहीत, असे त्याने पक्के धरले होते. सासूबाई खाटेवर पाय दुमडून बसल्या. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"हू आर यू?"

"आय अ‍ॅम हर मदर," कॉलरताई म्हणाली. आवाज कापरा होता, पण शब्द बरोबर होते. तिने आत्याकडे पाहिले. आत्याने मान हलवली.

नवऱ्याला बहुधा ते आवडले नाही. त्याने पुढचा प्रश्न टाकला. "व्हॉट डू यू डू?"

हे कागदावर नव्हते. कॉलरताईने भिंतीकडे पाहिले, मग भिंगरीकडे पाहिले, आणि म्हणाली, "येस."

सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. "विचारलं काय, सांगते काय! कॉलर सरळ बसते गं तुझ्या हातून, मग जीभच कशी वाकडी?" नवरा हसला, आत्या तोंडावर हात धरून हसली. सगळे हसतात म्हणून भिंगरीही टाळ्या पिटत हसली. कॉलरताईसुद्धा हसली. अशा वेळी हसले नाही तर बाई चिडकी ठरते.

"हात दाखवून अवलक्षण नको," नवरा उठत म्हणाला. "हिची आत्या जाईल माझ्याबरोबर, आई म्हणून."

"अहो, पण मी तिची आई आहे."

"कोण नाही म्हणतंय? घरात तूच आहेस की. तिथे पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

मुलाखतीच्या सकाळी आत्या तयार होऊन बाहेर आली आणि सासूबाईंच्या लक्षात आले की तिच्या बोटात अंगठी नाही. इंग्रजी शाळेत मंगळसूत्र नसले तरी चालेल, पण लग्न झालेल्या बाईच्या बोटात अंगठी हवी. "तुझी दे," त्या सुनेला म्हणाल्या. लग्नातली अंगठी सात वर्षांत बोटात रुतून बसली होती. नळाखाली साबण लावून, बोट लाल होईपर्यंत ओढून ती काढावी लागली. आत्याच्या बोटात ती सरकन गेली.

भिंगरीला प्रवेश मिळाला. घरात पेढे नाहीत, पण पेढे वाटल्यासारखे तोंड करून नवरा आठ दिवस हिंडत होता. सगळे म्हणाले, छान झाले. कॉलरताईही म्हणाली. त्या वर्षीच्या युनिफॉर्ममधली सर्वांत लहान मापाची कॉलर तिने निवडून ठेवली आणि तिच्यावर दुहेरी टीप मारली.

पंधरा मिनिटे मात्र संपलीच नाहीत. शाळेने प्रत्येक मुलाचे कार्ड बनवले. त्यावर तीन फोटो असत. आई, वडील आणि मुलाला ने-आण करणारी व्यक्ती. आईच्या जागी आत्याचा फोटो लागला. तिसऱ्या चौकटीत कॉलरताईचा फोटो आणि त्याखाली इंग्रजीत एक शब्द आला. "याचा अर्थ काय हो?" तिने नवऱ्याला विचारले. "मेड. म्हणजे सांभाळणारी," तो म्हणाला. कारखान्यातल्या सुपरवायझरने तिला खरा अर्थ सांगितला. मोलकरीण.

पालकसभेला आत्या, स्नेहसंमेलनाला आत्या. "दर वेळी काय काढ-घाल करायची," म्हणून अंगठीही आत्याच्याच बोटात राहिली. कॉलरताई गळ्यात तिसऱ्या चौकटीचे कार्ड अडकवून फाटकाबाहेर इतर मोलकरणींच्या रांगेत उभी राहू लागली. त्या बायका भल्या होत्या. "तुझी पोर फार गोड आहे गं," एक जण म्हणाली, आणि लगेच जीभ चावून म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाईची."

शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी भिंगरी वर्गातून "आई!" म्हणून ओरडत धावत आली होती. वर्गाच्या बाईंनी वळून पाहिले. त्या संध्याकाळी नवऱ्याने भिंगरीला समोर उभे केले.

"शाळेत हिला आई म्हणायचं नाही. कुणी विचारलं ही कोण, तर काय सांगायचं ते आत्या शिकवेल."

"का?"

"म्हणालीस तर शाळेला कळेल आपण खोटं बोललो. मग पोलीस येतील."

"मला न्यायला?"

"तुला नाही. आईला."

भिंगरी पहिल्यांदाच एका जागी ठरली. आत्याने तिला वाक्य शिकवले आणि वीसदा म्हणून घेतले. शी इज अवर मेड. शी इज अवर मेड. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा कशी पटकन शिकते! आईवर नाही गेली हो." ओट्याशी कॉलरताई भाजी चिरत होती. सहा महिन्यांपूर्वी तिला यातले अक्षर कळले नसते. आता ती शब्द न् शब्द समजत होती. जे शिकायला तिने रक्त आटवले, ते असे कामी आले.

"तिला पोलिसांची भीती कशाला घालता?" ती म्हणाली.

"मग जा, सांग शाळेत खरं. घालव पोरीचं वर्ष."

ती गप्प बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण ती गप्प बसली, हेही इथे लिहून ठेवले पाहिजे, कारण तिने स्वतः पुढे हेच शंभरदा बोलून दाखवले.

तो दिवस मंगळवार होता, दुपारचे साडेअकरा. वर्गाचे जड दार वाऱ्याने धाडकन आपटले आणि भिंगरीचे उजव्या हाताचे अंगठ्याशेजारचे बोट फटीत सापडले. शाळेने कार्डावरच्या आईला फोन लावला, तो बंद होता. वडिलांचा लागला नाही. मग युनिफॉर्म न्यायला येताना तिला तिथे पाहिलेली शिपाईण धावत कारखान्यात आली. "तुमच्याकडची ती मेड कुठाय? पोरीला लागलंय."

मशीनवर अर्धी कॉलर तशीच सोडून कॉलरताई निघाली. वर्गशिक्षिका भिंगरीला घेऊन रिक्षात बसतच होत्या. पोर आईच्या कुशीत शिरली आणि हॉस्पिटल येईपर्यंत तिने डोके वर काढले नाही. निळी कॉलर रक्ताने काळी झाली होती.

डॉक्टरांनी पट्टी सोडून बोट पाहिले. "टोक जवळजवळ तुटलंय, थोडंसं धरून आहे. लगेच जोडलं तर वाचेल. लहान आहे, भूल द्यावी लागेल. आईवडिलांपैकी एकाची सही हवी."

"द्या, मी करते," कॉलरताई म्हणाली.

"बाई, तुमची नाही," शिक्षिका समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "तिच्या आईची."

"मीच तिची आई आहे."

शिक्षिकेने भिंगरीच्या गळ्यातले कार्ड डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी फोटो पाहिला, समोरच्या बाईच्या कपड्यांना चिकटलेले दोऱ्याचे तुकडे पाहिले, तिच्या गळ्यातले दुसरे कार्ड पाहिले. कॉलरताईने ताठ उभे राहून त्यांच्या डोळ्यांत बघत वाक्य म्हटले. "आय अ‍ॅम हर मदर." एकही चूक नव्हती. वर्षभरापूर्वी याच वाक्यासाठी तिने मशीनच्या दिव्याखाली डोळे फोडले होते.

"मालकिणीचं ऐकून ऐकून शिकतात," खिडकीतला कारकून शेजारच्याला म्हणाला. "हल्ली कुठल्या थराला जातील नेम नाही."

"पोरीलाच विचारू," डॉक्टर म्हणाले.

शिक्षिका भिंगरीजवळ वाकल्या. शाळेच्या शिस्तीत मुलांशी इंग्रजीतच बोलायचे असते, रक्त वाहत असले तरी. "हू इज शी?"

भिंगरीने आईकडे पाहिले. मग तिची नजर दाराकडे गेली. तिथे हॉस्पिटलचा पहारेकरी उभा होता. अंगात गणवेश, डोक्यावर टोपी, हातात काठी. भिंगरीचे हुंदके एकदम थांबले. दुखरा हात छातीशी धरून ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "शी इज अवर मेड."

"पाहिलंत?" शिक्षिका म्हणाल्या.

"भिंगरे, बाळा, खरं सांग," कॉलरताई गुडघ्यांवर बसली. "घाबरू नको. मी कोण तुझी?"

भिंगरीने डोळे घट्ट मिटून घेतले. "मेड," ती म्हणाली. "मेड, मेड, मेड." आईला वाचवायला तिच्यापाशी तेवढा एकच शब्द होता.

मग वाट पाहणे सुरू झाले. गोदामात त्या दिवशी मालाची तपासणी होती आणि सगळ्यांचे फोन फाटकावरच्या पेटीत ठेवले होते. आत्या क्लासमध्ये होती. फळ्यावर अ‍ॅम, इज, आर लिहून ती वीस माणसांकडून वदवून घेत होती, आणि क्लासच्या नियमाप्रमाणे तिचा फोन बंद होता. डॉक्टरांनी बोट बांधले, दुखणे कमी होण्याचे इंजेक्शन दिले आणि म्हणाले, सही येईपर्यंत माझे हात बांधलेले आहेत. त्यांचे हात कशाने बांधले होते? एका फोटोने. एका आईला समोर पोटच्या पोरीसाठी तडफडताना पाहून त्यांना ती आई वाटली नाही, कारण ती अशा शाळेतल्या मुलीच्या आईसारखी दिसत नव्हती. दोन तास चाळीस मिनिटे गेली. कॉलरताई भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी होती. तिला पोरीजवळ बसायला सांगितले होते, पण सहीच्या खिडकीपाशी यायला मनाई होती.

आत्या आली ती वरातीमागून घोडे तशी. धापा टाकत तिने खिडकीवरचे पेन उचलले. बोटात अंगठी चमकत होती. कॉलरताईने तिचे मनगट धरले.

"करा सही, वन्सं. पण नातं खरं लिहा. आत्या लिहा."

आत्याने चोरून शिक्षिकेकडे पाहिले आणि दबक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, अगं शाळा..."

"बोट जातंय पोरीचं! कसली शाळा?"

'वहिनी' हा शब्द शिक्षिकेने ऐकला, कारकुनाने ऐकला, डॉक्टरांनीही ऐकला. आत्याच्या हातातले पेन खाली पडले. डॉक्टरांनी ते उचलले, फॉर्म ओढून घेतला आणि कॉलरताईपुढे ठेवला. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. तिने मराठीत सही केली. ती सही पावणेतीन तासांपूर्वीही तशीच झाली असती.

बोटाचे टोक वाचले नाही.

भिंगरीला शुद्ध आली तेव्हा नर्स सलाईन बघत होती. पोरीने कोरडे ओठ हलवले. "बाई, पाणी," ती कॉलरताईला म्हणाली. नर्स बाहेर गेली, दार लागले. भिंगरीने दाराकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, आणि मग कुजबुजली, "आई, पोलीस गेले का गं?"

"ते पोलीस नव्हते, राजा."

"मी सांगितलं नाही हं त्यांना. खूप दुखत होतं तरी नाही सांगितलं."

कॉलरताईने त्या दिवशी पहिल्यांदा रडून घेतले. आपल्या पोरीने आपल्यासाठी बोट दिले, आणि ते कुणाला द्यावेच लागायला नको होते.

संध्याकाळी नवरा आला. पोरीच्या हाताकडे बघून त्याचा चेहरा पडला, नाही असे नाही. पण तोंड उघडले तेव्हा म्हणाला, "शाळेला कळलं म्हणे सगळं. आता काढून टाकतील. तुला थोडं सबुरीनं घेता आलं नाही?"

कॉलरताईने गळ्यातले कार्ड काढून त्याच्या हातात ठेवले. मग आत्याकडे वळली आणि हात पुढे केला. "माझी अंगठी द्या." आत्याने मान खाली घालून ती काढून दिली.

"आणि उद्यापासून मी कोण, हे विचारलं तर सगळ्यांनी खरं सांगायचं," कॉलरताई म्हणाली. "घरात पण, बाहेर पण. ज्याला लाज वाटते त्याने तोंड लपवावं. मी आता नाही लपवणार."



शाळेने पत्र पाठवून भिंगरीचे नाव कमी केले. पत्रात 'फसवणूक' हा शब्द दोनदा होता. आईला परीक्षा द्यायला कुणी लावले, याबद्दल एक अक्षर नव्हते. भिंगरी आता कारखान्यामागच्या साध्या शाळेत जाते. पेन्सिल ती मधल्या बोटाने धरते आणि अक्षर तिचे इतरांपेक्षा सुबक येते.

पुढच्या वर्षी मुलाखतीचे दिवस आले तेव्हा कॉलरताईने अर्धा दिवस रजा घेतली आणि त्या मोठ्या शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. रांगेतल्या एकेका बाईला ती विचारी, "तुम्ही या मुलाच्या कोण?" कुणी तिला वेडी म्हणाले, कुणी पहारेकऱ्याला बोलावले. एक बाई मात्र मुलाचा हात सोडून रांगेबाहेर आली आणि म्हणाली, "मी मावशी. आई तिकडे कोपऱ्यावर थांबलीय." कॉलरताई दर वर्षी जाणार आहे. रांगेतली माणसे तुमच्या-आमच्यातलीच असतात, तेव्हा तुमची तिची कधी ना कधी गाठ पडेल. उत्तर तयार ठेवा.

रोज चार वाजता भिंगरीची शाळा सुटते. फाटकात बायकांची गर्दी असते आणि कॉलरताई सर्वांत पुढे उभी असते, अंगावर दोऱ्याचे तुकडे, बोटात अंगठी. "मोठ्याने हाक मार गं," असे ती पोरीला रोज सांगते. भिंगरी पायरीवर थांबते. आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे बघते. कुणी गणवेशातले नाही ना, याची खात्री करून घेते. आणि मग अगदी हळू आवाजात म्हणते, "आई."